निरंक अहवाल : स्वरूप, प्रकार व सादरीकरण

निरंक अहवाल म्हणजे शाळेत जे घडलेच नाही, त्याची वरिष्ठ कार्यालयाने मागवलेली लेखी माहिती. प्राथमिक शाळेतून बाहेर पडणाऱ्या कागदांत त्याचा मान पहिला. गुणपत्रक, दाखला वगैरे किरकोळ कागद त्यानंतर.

अहवालाची मागणी केंद्राच्या व्हॉट्सअॅप गटावर येते. वर ‘अतितातडीचे’, खाली ‘आज दुपारी 12 पर्यंत’, आणि संदेश पडलेला असतो 11.40 ला. शेवटची ओळ ठरलेली : माहिती नसल्यास निरंक कळवावे. विषय कोणताही चालतो. न्यायप्रविष्ट प्रकरणे, आवारातील अतिक्रमण, शाळाबाह्य मुले, उष्माघाताने आजारी पडलेले विद्यार्थी. शेवटचा तक्ता भर पावसाळ्यात आला तरी आश्चर्य मानण्याची पद्धत नाही.

सादरीकरण भूगोलावर अवलंबून असते. किकवी पुणे-सातारा महामार्गावर आहे. तिथे निरंक चहा निवेपर्यंत वर पोचतो. भोरच्या पश्चिमेला हिरडस मावळात किंवा वेल्ह्याच्या डोंगरात वाडीवरच्या शाळेला हे भाग्य नाही. तिथे रेंज टेकाडावर असते. गुरुजी छत्री घेऊन चढतात, एका हाताने छत्री सावरत दुसऱ्या हाताने ‘निरंक’ टाकतात, आणि पडद्यावरचे चक्र फिरत असेपर्यंत उभे राहतात. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे 60 पटापर्यंत दोन शिक्षक. एक टेकाडावर असताना पहिली ते चौथीचे चारही वर्ग दुसऱ्याकडे असतात. तो रजेवर असल्यास पाढे मॉनिटर घेतो. याच परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 800 तास अध्यापन सांगितले आहे. त्यातले टेकाडावर किती गेले, एवढा एकच तक्ता अजून कोणी मागवलेला नाही.

अहवालाचे प्रकार तीन : साधा निरंक, स्वाक्षरी-शिक्क्यासह निरंक आणि निरंकाचा निरंक. तिसरा अभ्यासनीय आहे. सर्व शाळांनी निरंक पाठवल्यावर केंद्राकडून ‘निरंक अप्राप्त असलेल्या शाळांची यादी’ मागवली जाते. अशी शाळा नसेल, तर यादी निरंक असल्याचे कळवावे लागते. ती वेळेत न आल्यास खुलासा मागवला जातो, आणि खुलासा प्रलंबित असलेल्यांची संख्या शून्य असल्यास त्याचाही निरंक जातो. शून्यावर शून्य चढत चढत जिल्ह्याला पोचते तेव्हा त्याचे एक्सेलमध्ये एकत्रीकरण होते. बेरीज तपासली जाते. ती चुकते. मग सर्व शाळांनी माहिती ‘अचूक भरून’ फेरसादर करायची असते.

पोषण आहार याला अपवाद. तिथे पहिली ते पाचवीच्या मुलामागे 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे 150 ग्रॅम तांदूळ असा हिशेब रोज लागतो; खिचडी शिजली नाही तर का शिजली नाही, हे लिहावे लागते.

शिक्षणहक्क कायदा, 2009 च्या कलम 27 नुसार शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून अन्य बिगरशैक्षणिक काम देता येत नाही. निरंक यांपैकी कशात बसतो, ते स्पष्ट नाही. आपत्तीत बसवायला शिक्षकांची हरकत नसावी.

आता निरंक नसलेल्या अहवालाविषयी. वर्गखोली गळते, भिंतीला तडा गेला आहे, खोली निर्लेखनास पात्र आहे, शिक्षकाचे पद रिक्त आहे, असाही अहवाल शाळा पाठवते. त्यावर ‘अतितातडीचे’ कोणी लिहीत नाही. त्याला 12 ची मुदत नसते, फोन येत नाही, गटावर शाळेचे नाव लाल अक्षरांत झळकत नाही. तो वर जातो आणि वरच राहतो. पुढच्या पावसाळ्यात पोरे कोरड्या कोपऱ्यात दाटीवाटीने बसतात, पाणी धरायला फळ्याखाली पातेले ठेवलेले असते, आणि त्याच वर्गात मुलांना वाचता का येत नाही म्हणून गुरुजींनाच झाडले जाते. नसलेल्या गोष्टीसाठी दिवसातून तीनदा विचारणाऱ्या यंत्रणेला असलेली गोष्ट एकदाही ऐकू येत नाही, याला अज्ञान म्हणत नाहीत. याला निगरगट्टपणा म्हणतात.

नमुना बदलल्यास जुन्या नमुन्यातला निरंक ग्राह्य धरला जात नाही. नवा नमुना साधारणपणे जुना पाठवून झाल्यावर येतो.