आदल्या आठवड्यातला सज्जन

मधुमेही माणूस तपासणीच्या आदल्या आठवड्यात जितका सज्जन असतो, तितका एरवी वर्षभर नसतो. चहा बिनसाखरेचा, रात्री एकच भाकरी, पहाटे उठून फिरणं. तपासणीच्या दिवशी पीपीचं, म्हणजे जेवणानंतरचं, रक्त द्यायचं म्हणून दुपारी दोन फुलके आणि दुधीची भाजी. एरवी हा दुधीकडे ढुंकूनही बघत नाही.

फास्टिंग आणि पीपीवर अशी छाप पाडता येते. एचबीएवनसी या चाचणीला मात्र गंडवता येत नाही. लाल रक्तपेशी साधारण १२० दिवस जगते आणि रक्तात जितकी साखर, तितकी तिच्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते. त्यामुळे रक्त ऑक्टोबरात दिलं तरी गणपतीतले मोदक रिपोर्टात हजर! सोसायटीतल्या चौकस आजींचीच स्मरणशक्ती ही. बहुतेकांना डॉक्टर सातच्या आत राहा म्हणतात. साडेआठ आले की 'लॅब बदलून बघू' हा ठराव घरात एकमताने मंजूर होतो.

आकड्यावरून एवढा वाद घालणारा माणूस डोळ्यांचं, मूत्रपिंडांचं नावही काढत नाही. दुखतंय कुठे? दुखत नाही, हीच तर पंचाईत. डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागल्या तरी सुरुवातीला पेपर पूर्वीसारखाच वाचता येतो. लघवीतून अल्ब्युमिन जाऊ लागलं तरी आधी काहीच जाणवत नाही. म्हणून वर्षातून एकदा लघवी तपासायची आणि डोळ्यांत थेंब घालून पडदा बघून घ्यायचा. थेंबांनंतर काही तास जवळचं धूसर दिसतं. लोक ही तपासणी टाळतात ती, मला वाटतं, तेवढा वेळ मोबाइल बघता येत नाही म्हणूनच.

पायांची तर आणखी तऱ्हा. शेजारच्या काकांसोबत मी तपासणीला गेले होते. डॉक्टरांनी मोजे काढायला सांगितल्यावर काका म्हणाले, "अहो, मी शुगरसाठी आलोय." तळव्याची संवेदना गेली की खडा टोचलेला कळत नाही आणि जखम चिघळेपर्यंत पत्ता लागत नाही. ही संवेदना तपासायला नायलॉनचा एक ताठ धागा तळव्याला टेकवतात. दहा ग्रॅमचा दाब पडला की तो वाकतो. डोळे मिटायचे, लागला की सांगायचं. काका निवृत्त मुख्याध्यापक. डोळे मिटून ताठ बसले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "लागला!"

"थांबा काका," डॉक्टर म्हणाल्या, "धागा अजून माझ्या हातातच आहे."