अर्धी टाकी

इचलकरंजीच्या एका सायझिंगमधल्या अण्णांच्या लेखी वाफ दोनच प्रकारची: परत येणारी आणि न येणारी. सिलिंडरमध्ये गेलेली वाफ सूत वाळवते, तिचं पाणी, म्हणजे कंडेन्सेट, होतं आणि ते ट्रॅपमधून गुमान फीड टँकला परततं. खळ शिजवायला सोडलेली वाफ खळीतच जिरते. पुतण्यांची ओळखही ते तशीच करून देतात. "थोरला सिलिंडरचा. धाकटा खळीतला. पुण्याला गेला, गेलाच."

अण्णा बॉयलर अटेंडंट. दुसऱ्या वर्गाचं सर्टिफिकेट फ्रेम करून गणपतीशेजारी लावलंय, आणि हार दोघांना एकाच मापाचा. 1923 चा बॉयलर कायदा जाऊन 2025 मध्ये नवा आला, तेव्हा त्यांनी एकच चौकशी केली: कंडेन्सेट गटारीत सोडणाऱ्याला शिक्षा किती? काहीच नाही म्हटल्यावर त्यांचा सरकारवरचा विश्वास उडाला.

हिशेब त्यांना तोंडपाठ. फीडचं पाणी सहा अंशांनी गरम मिळालं की जळण साधारण एक टक्का वाचतं. बोअरचं पाणी तीस अंशांचं, कंडेन्सेट मिसळून अठ्ठ्याहत्तरचं झालं, की शंभर पोत्यांतली आठ पोती शिल्लक. शिवाय पाणी तापलं की त्यातली बरीच हवा निघून जाते आणि ट्यूबांना खड्डे कमी पडतात. हे सगळं शेठना मान्य आहे. भांडण आहे ते टाकीवरून.

शेठना भरलेली टाकी बघायची सवय. अण्णा ती मुद्दाम अर्धी ठेवतात, बॉलकॉक खाली बांधून. सकाळी गार सिलिंडरांवर वाफ सोडली की कंडेन्सेटचा लोंढा येतो. टाकी आधीच बोअरच्या पाण्यानं भरली असेल तर तो ओव्हरफ्लोतून थेट गटारीत. "पाव्हणा दारात आणि घरात आधीच गर्दी, असं चालंल काय?" असं ते शेठच्या तोंडावर विचारतात. शेठ पाव्हण्यांना घाबरतात, म्हणून गप्प बसतात.

मध्यंतरी फीड पंप खडे चावल्यासारखा वाजायला लागला. शेठच्या इंजिनिअर मुलानं नव्या पंपाचं कोटेशन मागवलं. अण्णांनी मोटारीकडं बघितलंसुद्धा नाही. टाकी जमिनीवर, पाणी कढत. पंपानं ओढलं की सक्शनमध्येच त्याची वाफ व्हायची. "टाकी उचला," एवढंच म्हणाले. लोखंडी चौकटीवर टाकी चढली, पंपाच्या तोंडावर पाण्याचा दाब आला आणि आवाज बंद. मुलगा अजून त्या कोटेशनला 'प्लॅन बी' म्हणतो.

आता नवी तक्रार गल्लीची आहे. पूर्वी ओव्हरफ्लोच्या पाइपाखाली सकाळी बादल्यांची रांग लागायची. अण्णा आले आणि पाइप कोरडा पडला. ऐन थंडीत चार बायका शेठच्या ऑफिसात येऊन बसल्या. शेठनी धीर करून निरोप धाडला, "गल्लीसाठी तेवढी टाकी भरून ठेवा."

अण्णांनी गेज ग्लासवरची नजर न काढता उत्तर दिलं.

"ठेवतो की. गल्लीला म्हणावं, येताना बादलीबरोबर पोतं आणा."