गादी न सोडणाऱ्या मालकांस



शून्यातून फाउंड्री उभी केलीत, याबद्दल तुमच्यापुढे मान झुकते. पण तुमची सत्तरी उलटली, मुलगा पन्नाशीला टेकला आणि चेकबुक अजून तुमच्याच कपाटात आहे. त्याच्या कार्डावर ‘संचालक’ छापलंय. भट्टीची कॉइल बदलायची तर हा संचालक तुमची दुपारची झोप संपायची वाट बघत बसतो! वर चारचौघांत तुम्ही सांगता, ‘पोरात धमक नाही.’ धमक चुकांतून येते, मालक. तुम्ही त्याला एकदा तरी चुकू दिलंत का? पस्तिशीत पाच लाख बुडवले असते, तर आज पाच कोटींची जोखीम त्याने पेलली असती.

आणि मुलगी? लग्नाआधी तुमचं खरेदीखातं तिनेच सांभाळलं. आता तिच्या वाट्याला दिवाळीची साडी. पुण्याच्या थरमॅक्सकडे बघा. १९९६ मध्ये कंपनीचे प्रमुख रोहिंटन आगा अचानक गेले आणि पत्नी अनु आगांवर धुरा आली. पुढे कंपनी तोट्यात गेली, तेव्हा त्यांनी बाहेरचे सल्लागार आणले, घरच्यांना रोजच्या कारभारातून बाजूला केलं. २००४ मध्ये अध्यक्षपद मुलीकडे, मेहेर पदमजींकडे सोपवलं. तेव्हा अनु आगांनी नुकतीच साठी ओलांडली होती.

मृत्युपत्राचा विषय काढला की तुम्ही गरजता, ‘मला मारायला निघालात?’ धीरूभाई अंबानी जुलै २००२ मध्ये मृत्युपत्र न करताच गेले. त्यांच्या मुलांचं भांडण चव्हाट्यावर आलं, आई कोकिलाबेन मध्ये पडल्या तेव्हा २००५ मध्ये वाटणी झाली. तरीही भावांमधला गॅसपुरवठ्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, निकाल लागायला २०१० उजाडलं. त्यांना वकील परवडले. तुमची तर शेडसुद्धा बँकेकडे गहाण आहे.

तुम्ही लिहून ठेवलं नाहीत, तर हिंदू वारसा कायदा तुमचा हिस्सा बायको आणि सगळ्या मुलांत सारखा वाटेल. भट्टी कोण चालवतं, हे कायदा विचारत नाही. मग एक जण म्हणेल जमीन विका, दुसरा म्हणेल कारखाना चालवू. सह्या अडतील, बँक हात आखडता घेईल, आणि पगार थांबेल तो मोल्डिंगवर उभं आयुष्य काढलेल्या माणसांचा. त्यांची पोरं शाळेत आहेत. तुमच्या हट्टाची किंमत त्यांनी का मोजावी, याचं उत्तर मला हवंय.

दसऱ्याला यंत्रांना हार घालण्याआधी मृत्युपत्र करा. भागीदारीचा करार नव्याने लिहा. बँकेत मुलाच्या सहीला अधिकार द्या. मुलीला समोर बसवून तिला काय हवंय ते विचारा, तिच्या वतीने तुम्ही बोलू नका. एवढं झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला केबिनमध्ये येऊन त्याच खुर्चीत बसू नका.

आपला,
तुम्हाला पिग आयर्न पुरवणारा एक जुना व्यापारी