कायद्याची भरती-ओहोटी

अलिबागच्या किनाऱ्यावर कायदा झोपलेला असतो, ही निव्वळ बदनामी आहे. भरतीरेषेलगत शहाळेवाल्याने चार बांबू रोवून ताडपत्री ताणली, की दुपारच्या आत ट्रॅक्टर हजर; कोयता, शहाळी, स्ट्रॉचा डबा, सगळे जप्त. किनारा स्वच्छ! पलीकडचा चिरेबंदी कुंपणातला बंगला मात्र अभ्यासाचा विषय. त्याला आधी नोटीस, मग सुनावणी, मग स्थगिती. घाई कशाला? बँक घोटाळ्यातील आरोपी, हिरेव्यापारी नीरव मोदी यांचा किहीमचा बंगला मार्च २०१९मध्ये सुरुंग लावून पाडलाच की! मालकांनी देश सोडल्यावर अवघ्या सव्वा वर्षात. तेव्हा इतर बंगलेमालकांनी निश्चिंत असावे. सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे, नियम सर्वांना समान आहेत. फक्त पाडकामाच्या प्रस्तावासोबत मालक फरार असल्याचा दाखला जोडावा. अपूर्ण प्रस्तावांचा विचार केला जाणार नाही.