छत्तीस गुण आणि एक वायर

भाच्याच्या मुंजीचे फोटो कॅमेऱ्यातच अडकलेत. कॅमेरा जुना, त्याला मिनी यूएसबी लागते. लॅपटॉप नवा, त्याला फक्त सी चालते. यूएसबीतला ‘यू’ म्हणजे म्हणे युनिव्हर्सल. १९९६ साली बारसं झालं आणि पुढे मिनी, मायक्रो, सी अशी पोरं झाली. सख्खी भावंडं, पण एकाचं दुसऱ्यात बसत नाही.

ड्रॉवरमधल्या गुंत्यातून मिनीवाली वायर उपसली, शेजाऱ्यांकडून सीचा अडॅप्टर आणला, जोडलं. लॅपटॉप ढिम्म. वायर नुसत्या चार्जिंगची निघाली. आत डेटाच्या दोन तारा घातल्याच नव्हत्या. काटकसर!

मग एचडीएमआय. दोन्हीकडे पोर्ट आहे की! पण दोन्ही चित्र बाहेर पाठवणारे. कॅमेरा दाखवणार, लॅपटॉपही दाखवणार, बघणार कोण? (आमच्या सोसायटीची सभा अशीच चालते.)

शेवटी कार्डच काढलं. लॅपटॉपला कार्डाची खाचच नाही. सडपातळ दिसायचं म्हणून गाळली. रीडर वेगळा मिळतो, पैसेही वेगळे.

काल कॅमेराच ताईकडे नेऊन दिला. अडीच इंची पडद्यावर डोक्याला डोकं लावून अख्खं घर मुंज बघत होतं. तेवढ्यात बॅटरी गेली. चार्जर? त्याची पिन तिसरीच.