व्हिन्सेंटला बाजूला उभं करा

बीडच्या पोरांनी अजून किती वर्षं तीच फुलदाणी काढायची? चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेची तयारी म्हणजे टेबल, मागे पडदा, पुढे दोन फळं, मधोमध फुलदाणी. मार्गदर्शक पुस्तकातलं चित्र बघायचं आणि तसंच उतरवायचं. श्रेणी मिळते, दहावीला वाढीव गुण मिळतात, विषय संपतो. ते फूल कुठल्या रानातलं, हे कुणी विचारत नाही.

जगातली सगळ्यात गाजलेली फुलदाणी व्हिन्सेंट व्हॅन गॉगची. 1888 च्या ऑगस्टमध्ये, आर्ल गावात, चित्रकार मित्र गोगँ राहायला येणार म्हणून त्याची खोली सजवायला व्हिन्सेंटनं सूर्यफुलं रंगवली. पिवळ्यावर पिवळा, आणि त्यातली कित्येक फुलं चक्क सुकलेली, मान टाकलेली. माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकामुळे हा माणूस मराठी घरात पोचला. पण आपल्या लक्षात राहतो तो त्याचा कापलेला कान, आणि 1987 साली एका जपानी विमा कंपनीनं त्याच्या सूर्यफुलांच्या एका चित्राला मोजलेले जवळजवळ चार कोटी डॉलर.

मला त्याहून मोठी वाटते ती फेथ रिंगगोल्ड. न्यूयॉर्कच्या हार्लेममधली ही कृष्णवर्णीय चित्रकार 2024 मध्ये गेली. 1991 साली तिनं हीच सूर्यफुलं पुन्हा केली, पण गोधडीवर. आर्लच्या सूर्यफुलांच्या रानात आठ बाया बसल्यात आणि सूर्यफुलांची गोधडी शिवतायत. हॅरिएट टबमन, सोजर्नर ट्रूथ, रोझा पार्क्स... गुलामीशी आणि वर्णभेदाशी लढलेल्या बाया. व्हिन्सेंट फुलदाणी घेऊन एका कडेला उभा आहे. कडांवर रंगीत कापडाचे तुकडे जोडलेत, आणि चित्राची गोष्ट त्याच कापडावर लिहिलेली आहे. शिवणं ती आईकडून शिकली. तिच्या घराण्यात गुलामीच्या काळापासून गोधड्या शिवल्या जात होत्या. शिवाय कापडावरच्या चित्राची गुंडाळी करून ते कुठंही नेता येतं, हा तिचा रोकडा हिशोब होता.

गुंडाळून कुठंही नेता येतं! हे बीडच्या बाईला सांगायला हवं का? दसरा-दिवाळी झाली की धारूर, वडवणी, केज, पाटोद्याहून बैलगाड्या आणि ट्रॅक्टर निघतात. मुकादमाची उचल फेडायला नवरा-बायकोचा कोयता ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातो. बोचक्यात भांडी असतात, पीठ असतं आणि वाकळ असते. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर, त्यावर धावदोरा. हंगामभर कोपीत तीच अंथरूण आणि तीच पांघरूण. रंग कुठं लावायचा, पट्टी कुठं फिरवायची, हे ती बाई डोळ्यानं ठरवते. रिंगगोल्डच्या गोधड्या संग्रहालयांच्या भिंतींवर आहेत. आमच्या वाकळेला चित्रकलेच्या तासातही जागा नाही.

आणि फूल? सूर्यफूल मराठवाड्यातही खूप पेरलं जायचं. लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्रानं त्याचे संकरित वाणही काढले. आता सोयाबीन-कापसानं ते मागे सारलं, आणि कढईतलं सूर्यफुलाचं तेल मुख्यतः रशिया-युक्रेनहून येतं. पण करडई आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठानं तर आपल्या वाणाला ‘परभणी कुसुम’ असं नाव दिलंय. कोवळी असताना तिची भाजी होते. मोठी झाली की काटे येतात, म्हणून जनावरं आत शिरू नयेत यासाठी तिचे तास ज्वारीच्या कडेनं पेरतात. फूल आधी पिवळं, मग सुकता सुकता केशरी-तांबडं. एकाच फांदीवर दोन्ही रंग सापडतात. व्हिन्सेंट ज्यासाठी झटला ते बांधावर उभं आहे. मात्र करडई फुलते तेव्हा गावातल्या कित्येक बाया उसाच्या फडात असतात.

हे मुलांना दाखवणार कोण? शिक्षणहक्क कायदा सांगतो की सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर कलेसाठी अंशकालीन निदेशक द्यायचा. म्हणजे तांड्यावरच्या, वस्तीवरच्या लहान शाळेला तोही हक्कानं मिळत नाही. बघायला शिकण्याची सगळ्यात जास्त गरज आहे तिथंच शिकवणारा नाही, आणि हा अन्याय आपण निमूट चालवून घेतो.

प्रसिद्ध चित्र पुन्हा करायचं तर नक्कल नको. हे फूल कुणाचं, ते कुणाच्या हातात आहे आणि चित्राच्या मधोमध कोण बसणार, हे रिंगगोल्डनं विचारलं तसं आपणही विचारावं. चित्रकलेच्या शासकीय परीक्षा कला संचालनालय घेतं. त्यांनी बीडच्या केंद्रांवर एकदा पडद्याऐवजी मागे वाकळ टांगावी, फुलदाणीऐवजी तांब्यात करडईची काटेरी फांदी खोचावी. शाळांनी तर परीक्षेचीही वाट बघू नये. घरची वाकळ वर्गात आणा, तिच्यासमोर मुलांना बसवा. आणि चित्राखाली मुलाच्या नावाबरोबर ती वाकळ शिवणाऱ्या बाईचंही पूर्ण नाव लिहू द्या.