समोरच्यांच्या सुनेची अंगठी

"बाई, एक सांगते, पण आपल्यातच राहू दे," वहिनी कुंपणाला टेकल्या. "समोरच्यांच्या सुनेची अंगठी बघितलीत? साखरपुड्यात कशी लखलखत होती! वर्ष नाही झालं, तर नुसती काच दिसतेय. खडा अमेरिकन डायमंड आहे म्हणे."

"कोण म्हणतं?"

"मी नाही हो. गिरणीत ऐकलं."

"गिरणीवाल्यांना पीठ ओळखू दे, हिरे नको. ती पोरगी अंगठी घालूनच कणीक मळते, अंगठी घालूनच डोक्याला तेल लावते. हिरा मंद होईल नाहीतर काय! हिऱ्याला तेलातुपाची भारी ओढ. खाणीवर ग्रीस चोपडलेल्या टेबलावरून पाण्याबरोबर खडी सोडायचे. बाकीचे दगड वाहून जायचे आणि हिरे चिकटून बसायचे."

"पण मी नीट बघितलं ना हळदीकुंकवाला. वरून चकचकीत आहे. पुसलेली आहे."

"वरून असेल. मळ बसतो खाली, कोंदणाच्या आत. आणि हिऱ्याची सगळी मिजास खालच्या पैलूंवर. तुम्हाला चमकताना दिसतो तो उजेड वरून आत शिरलेला असतो, खालच्या पैलूंवर आपटून परत वर आलेला असतो. खालून गळला, की खडा मेला."

"खालून गळायचं कसं? आणि मुळात परत तरी का येतो? खाली काही पारा लावलेला नसतो."

बाई पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. असा प्रश्न कानावर पडला की त्यांच्या हातात खडू नसल्याचं त्यांना वाईट वाटतं.

"पेलाभर पाणी आणा. काचेचा पेला हं, स्टीलचा नको. आणि बोटं ओली करून या."

वहिनी पेला घेऊन आल्या.

"आता पेला धरा आणि वरून, पाण्यातून, पेल्याच्या आतल्या बाजूकडे बघा. काय दिसतं?"

"अगंबाई! चांदीचा मुलामा दिल्यासारखं दिसतंय. बाहेरची माझी बोटं दिसतच नाहीत."

"आता ओलं बोट काचेवर दाबा."

"दिसलं! पण सगळं बोट नाही, नुसत्या रेघा दिसतायत. अंगठ्याचा ठसा उमटल्यासारख्या."

"ही चांदी म्हणजे पूर्ण आंतरिक परावर्तन. दहावीला दोन मार्कांना हमखास."

"दोन मार्क मी तेव्हाच घालवले. आता सोप्यात सांगा."

"उजेड पाण्यातून हवेत निघाला की वाकतो. आत जेवढा तिरपा असेल, त्याहून बाहेर जास्त तिरपा होतो. आत आणखी तिरपा करत गेलात, तर एक वेळ अशी येते की बाहेर पडणारा किरण पृष्ठभागाला घासूनच निघतो. तो क्रांतिक कोन. पृष्ठभागावर काटकोनात उभ्या रेषेपासून मोजायचा. पाण्याचा सुमारे ४८.६ अंश, साध्या काचेचा ४२च्या आसपास. त्याहून तिरपा आलात की बाहेर जायला दिशाच शिल्लक नाही. सगळाच्या सगळा उजेड परत आत."

"सगळा? आरशात येतो तसा?"

"आरशाहून सरस. आरसा थोडा उजेड खातोच. इथे वाया काही जात नाही. म्हणून दोन डोळ्यांना लावायच्या चांगल्या दुर्बिणीत आरसे नसतात, काचेचे लोलक असतात. त्यांच्यात उजेड ४५ अंशांनी आपटतो आणि काचेला ४२ पुरतात. सायकलच्या मागचा लाल तुकडाही त्याच जातीचा. जिकडून उजेड आला तिकडेच परत धाडतो. अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी १९६९ साली असे शंभर लोलक चंद्रावर ठेवले. अजून त्यांच्यावर लेझर मारून चंद्राचं अंतर मोजतात."

"चंद्रावर सायकलचा लाल तुकडा! मग कुठल्याही काचेतून हे होतं?"

"अटी दोनच. एक, उजेड घन माध्यमातून विरळ माध्यमाकडे निघालेला हवा. पाण्यातून हवेत चालेल, हवेतून पाण्यात कधीच नाही. दुसरी, तो पुरेसा तिरपा हवा. आणि या दोन्हींच्या पोटात खरी गोम आहे. कोन किती लागेल हे एकट्या काचेवर ठरत नाही. पलीकडे कोण राहतं त्यावर ठरतं."

"म्हणजे आपल्या कुंपणासारखंच. पलीकडे कोण आहे त्यावर किती बोलायचं ते ठरतं."

"अगदी! पेल्यापलीकडे हवा होती तोवर उजेड आतच फिरला. तिथे ओलं बोट आलं आणि जिथे रेघ टेकली तिथून तो निसटला. रेघांच्या मधल्या खाचांत हवा होती, तिथे चांदी तशीच राहिली. म्हणून ठसा दिसला."

"थांबा, थांबा. रेशन दुकानात आमच्या सासूबाईंचा अंगठा लागत नाही, तेव्हा दुकानदार म्हणतो, आजी, बोट जरा ओलं करा. ते हेच का?"

"अंगठा घेणाऱ्या बऱ्याच यंत्रांत हाच लोलक असतो. म्हाताऱ्या माणसांचं बोट कोरडं, रेघा झिजलेल्या. काचेला धड टेकतच नाही, मग यंत्राला दिसणार काय? त्यात सासूबाईंचा दोष नाही आणि दुकानदाराचाही नाही. आता हिऱ्याकडे या. हिऱ्यापलीकडे हवा असेल तर क्रांतिक कोन अवघा साडेचोवीस अंश. आत शिरलेला उजेड खालच्या पैलूवर बहुतेक वेळा याहून तिरपाच आपटतो, म्हणून परत येतो. त्या पैलूंचा उतार किती ठेवावा याचं गणित मार्सेल टोल्कोव्स्कीनं १९१९ साली पुस्तक लिहून मांडलं. खालचा उतार ४०.७५ अंश. जास्त खोल कापला किंवा जास्त उथळ कापला, तरी उजेड खालून जातो. सुरतेच्या कारागिराची सगळी कमाई त्या उतारात आहे."

"आणि तेल लागलं की?"

"हवेच्या जागी तेल आलं की साडेचोवीसचे सदतीसच्या वर जातात. मधल्या कोनात येणारा सगळा उजेड खालून पसार. पैलू तेच, हिरा तोच. अमेरिकन डायमंडचंही तेलानं असंच होतं. तेव्हा मंद दिसणं हा खोटेपणाचा पुरावा नाही. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून मऊ ब्रशनं मागून घासायला सांगा तिला."

"सांगते. मग इंद्रधनुष्यातही हेच का? थेंबात उजेड आतून परत येतो असं आमच्या धाकट्याच्या वहीत आहे."

"परत येतो, पण पूर्ण नाही. थेंब गोल असतो. बाहेरून शिरल्यावर उजेड आतल्या बाजूला जो कोन करतो, त्याच कोनानं तो मागच्या भिंतीला पोचतो. ज्या कोनानं शिरता आलं त्या कोनानं बाहेरही पडता येतं. म्हणून बराचसा उजेड मागून निघून जातो आणि थोडासाच आपल्याकडे येतो. 'पूर्ण' हा शब्द वहीत असेल तर खोडायला सांगा."

"बरं. काल आमच्याकडे फायबर बसवलं. त्यातही उजेडच धावतो म्हणे?"

"उजेडच. आणि त्याच्या कुळकथेत भांडणं किती! ऐका. १८४१ साली जिनिव्हात कोलाडोन नावाच्या प्राध्यापकानं टाकीच्या भोकातून पाण्याची धार सोडली आणि मागून त्यात उजेड घातला. धार वाकली तसा उजेडही तिच्या आतून वाकत गेला. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये टिंडालनं तोच खेळ दाखवला १८५४ मध्ये. आणि पुढची कितीतरी वर्षं पुस्तकांत नाव कुणाचं? टिंडालचं."

"म्हणजे राबला एक आणि नाव दुसऱ्याचं. असं आमच्या भजनी मंडळातही होतं."

"पुढचं तर आपल्या माणसाचं. नरिंदरसिंग कपानी, पंजाबातल्या मोग्याचा. लंडनला हॉपकिन्स या प्राध्यापकाबरोबर काम केलं. काचेच्या केसासारख्या तंतूंची जुडी केली आणि एका टोकाचं चित्र दुसऱ्या टोकाला पोचवलं. 'नेचर'मध्ये छापून आलं जानेवारी १९५४ मध्ये. 'फायबर ऑप्टिक्स' हे नाव रूढ केलं तेही त्यानंच. पण गंमत अशी, की त्याच अंकात हॉलंडच्या व्हॅन हीलचं टिपण होतं आणि त्यात खरी मेख होती. उघडा तंतू शेजारच्या तंतूला टेकला, त्याच्यावर धूळ बसली, बोटाचं तेल लागलं, की उजेड गळतो."

"अंगठीसारखा!"

"अंगठीसारखाच. म्हणून त्यानं तंतूवर दुसऱ्या पदार्थाचं पांघरूण घातलं. आतल्याहून किंचित विरळ. मग पलीकडे कोण राहतं याची काळजीच नको, शेजारी कायमचा ठरलेला. अमेरिकेत मिशिगनला कर्टिस नावाच्या विद्यार्थ्यानं १९५६ साली हे पांघरूणही काचेचंच केलं. पुढच्या वर्षी डॉक्टर हिर्शोविट्झनी ती जुडी घालून नळी बनवली आणि सगळ्यांत आधी स्वतःच्या घशात उतरवली."

"ईऽ! म्हणजे आमच्या ह्यांची एंडोस्कोपी झाली ती याच नळीची नात?"

"नातच. आता टोकाला बारीक कॅमेरा असतो, पण पोटात उजेड नेण्याचं काम बऱ्याच नळ्यांत अजून काचेचे तंतूच करतात."

"मग कपानींना नोबेल मिळालं का?"

"नाही ना! २००९ चं नोबेल गेलं चार्ल्स काओंना. आणि तेही काही फुकटचं नाही हं. त्या काळच्या तंतूत चांगलं चित्र जायचं, पण काही मीटर. पुढे अंधार. काओ १९६६ साली म्हणाले, परावर्तन गळत नाहीये, काच मळकट आहे. काच शुद्ध करा, किलोमीटरमागे शंभरातला एक भाग जरी उजेड उरला तरी टेलिफोन चालेल. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंगच्या तिघांनी ते करून दाखवलं. आता किलोमीटरमागे ९५ टक्के उरतो, पंधरा किलोमीटर गेल्यावरही निम्मा. कपानी २०२० च्या डिसेंबरात गेले. पुढच्या वर्षी सरकारनं पद्मविभूषण दिलं, मरणोत्तर."

"आपल्याकडे माणूस गेल्यावरच आठवतो."

"तुमच्या मुलाचा फोन अमेरिकेहून येतो ना? तो उपग्रहावरून येत नाही. समुद्राच्या तळाशी पसरलेल्या केबलमधून उजेड होऊन येतो. त्यातल्या कितीतरी केबल मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वर येतात. आत तंतूची मधली काच जेमतेम नऊ मायक्रॉन, म्हणजे केसाच्याही बरीच आत. त्या काचेतून सेकंदाला दोन लाख किलोमीटर."

"आणि आमचं नेट आज सकाळपासून बंद! डब्यावर लाल दिवा लुकलुकतोय, खाली 'लॉस' लिहिलंय."

"वायर कुठून आणलीय त्यांनी?"

"कपाटामागून. लांब होती म्हणून ह्यांनी घडी घातली आणि वर खिळ्यानं क्लिप ठोकली."

"घडी! अहो, तांब्याची वायर आहे का ती? तंतू करकचून वाकवला की आतला उजेड भिंतीवर हवा तेवढा तिरपा येत नाही आणि तिथल्या तिथे निसटून जातो. काच तडकली तर मग जोडणीवाल्यालाच बोलवा."

"आत्ताच क्लिप काढायला सांगते ह्यांना. बघू, उजेड येतो का दुसऱ्या टोकाला."

"अजिबात बघू नका! तो उजेड डोळ्यांना दिसत नाही, अवरक्त असतो, पण डोळा बिघडवू शकतो. त्याचं टोक डोळ्यासमोर धरायचं नाही, मुलांनाही धरू द्यायचं नाही. जास्तीची वायर ताटाएवढ्या सैल वेटोळ्यात भिंतीला टांगा, टोकाची टोपी काढून बोट लावू नका, आणि दिवा तरीही लालच राहिला तर कंपनीला फोन करा."